पूर्वजांची नावे आणि वारसांची वणवण

माणसाला नाव एकच असते अशी आपली समजूत आहे. सरकारी दप्तरांना ती मान्य नाही. जन्माच्या नोंदीतले नाव, शाळेच्या दाखल्यावरचे नाव, शिधापत्रिकेवरचे नाव, जमिनीच्या उताऱ्यावरचे नाव आणि मृत्यूच्या दाखल्यावरचे नाव ही सर्व एकाच व्यक्तीची असूनही एकमेकांशी जुळत नाहीत, हा अनुभव आपल्याकडे इतका सार्वत्रिक आहे की त्याचे कोणाला नवलही वाटेनासे झाले आहे. माणूस आपल्या गावात आहे तोवर त्याचे फारसे अडत नाही. तलाठी त्याला ओळखतो, ग्रामसेवक ओळखतो, आणि ‘हे तेच’ असे सांगायला चार माणसे उभी राहतात. परंतु वंशाच्या आधाराने नागरिकत्व मागण्याची वेळ येते तेव्हा ज्यांच्याविषयी बोलायचे ती माणसे काळाच्या पडद्याआड गेलेली असतात, निर्णय करणारा अधिकारी हजारो मैलांवर बसलेला असतो, आणि त्याच्यापुढे असतो तो फक्त कागद. आजोबांच्या जन्मनोंदीत एक नाव, वडिलांच्या जन्मनोंदीत आजोबांचे दुसरेच नाव, असे दिसले की त्याच्या दृष्टीने ती दोन माणसे ठरतात आणि वंशाची साखळी तिथेच तुटते.

या प्रश्नाची झळ आपल्या शेजारी गोव्यात घरोघरी लागलेली आहे आणि गोव्याशी नाते असलेल्या मुंबई, सावंतवाडी, बेळगाव, कारवार येथील कुटुंबांनाही ती लागते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. भारत सरकारने १९६२ च्या मार्चमध्ये काढलेल्या आदेशान्वये, जे स्वतः अथवा ज्यांचे आई-वडील वा आजी-आजोबा २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जन्मले होते ते सर्व भारताचे नागरिक झाले असे मानले गेले. ज्यांना आधीचेच नागरिकत्व ठेवायचे होते त्यांना तसे लेखी कळविण्यास एक महिन्याची मुदत होती. म्हणजे तीन पिढ्यांचा वंश लक्षात घेऊन नागरिकत्व देण्याची कल्पना आपल्या कायद्यालाही परकी नाही. पोर्तुगालने मात्र हे सार्वभौमत्व मान्य करायला तेरा वर्षे घेतली. सालाझारशाही गेली, १९७४ च्या एप्रिलमध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली, आणि त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी भारताशी करार झाला. तरीही मुक्तीपूर्वी तेथे जन्मलेल्यांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरील हक्क पोर्तुगालने नाकारला नाही. १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने हा हक्क त्यांच्या मुलांपर्यंत आणि पुढील दुरुस्त्यांनी, काही अटींवर, नातवंडांपर्यंत नेला. त्या कायद्यात अलीकडे वारंवार बदल होत आहेत, त्यामुळे अर्जदाराने अर्ज करतेवेळचा कायदाच पाहिला पाहिजे. परंतु पद्धतीचा गाभा तोच आहे. पूर्वजाचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवून घ्यायचा, मग त्याचा विवाह, मग मुलाचा जन्म. एका कडीतील नाव पुढच्या कडीतील नावाशी जुळले तरच पुढचे पाऊल पडते.

ती का जुळत नाहीत, याचे उत्तर बहुतेकजण ‘कारकुनाची चूक’ या दोन शब्दांत देतात. ते अपुरे आहे, आणि कारकुनांवर अन्याय करणारेही आहे.

१९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि पुढील काही वर्षांत गोव्यातही जन्म, विवाह व मृत्यू यांची नागरी नोंदणी धर्मनिरपेक्षपणे सर्वांना सक्तीची झाली. नोंदवहीची भाषा पोर्तुगीज, लिपी रोमन, आणि नावे मात्र कोकणी-मराठी. पोर्तुगीज लेखनात ‘श’ या ध्वनीसाठी ‘एक्स’ हे अक्षर वापरतात. ‘के’ हे अक्षर त्या भाषेच्या मूळ वर्णमालेत नाही, म्हणून ‘क’साठी कुठे ‘सी’ तर कुठे ‘क्यू’ येतो. त्यात कोकणीतील गोलसर ‘अ’ पोर्तुगीज कानाला ‘ओ’ वाटतो. परिणामी गणेशचा ‘गोनेश’ झाला आणि त्यातला शेवटचा ‘श’ ‘एक्स’ने लिहिला गेला; रामचंद्राचा ‘रामाचोंद्र’ झाला; प्रभू हे आडनाव ‘पोरोब’ बनले; पै हे ‘पोय’ झाले; कामतांच्या शेवटी अनुनासिक लागून ते ‘कामोतीं’ झाले; शेणवी हा शब्द ‘सिनाय’ या रूपाने शेकडो नावांच्या मध्ये जाऊन बसला. यात चूक कोणाचीच नव्हती. लिहिणाऱ्याने आपल्या भाषेच्या नियमांनी ऐकलेले शब्द लिहिले, इतकेच. मुक्तीनंतर कारभाराची भाषा इंग्रजी झाली, तेव्हा दुसऱ्या लिहिणाऱ्याने तेच नाव दुसऱ्या भाषेच्या नियमांनी लिहिले. ‘नाईक’ हा शब्द जुन्या वहीत ‘क्यू’ने संपतो आणि नव्या पारपत्रात ‘के’ने, ‘शेट’ जुन्या वहीत ‘एक्स’ने सुरू होतो आणि नव्या कागदावर ‘एस-एच’ने. आपण ते देवनागरीत लिहिले तर फरकच उरत नाही. तंटा आहे तो दोन रोमन लेखनपद्धतींमधला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ज्यांनी गोव्याची जुनी दप्तरे आयुष्यभर सांभाळली त्या इतिहाससंशोधकाचेच आहे. पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर यांचे पोर्तुगीज ग्रंथ पाहावेत. मुखपृष्ठावर ‘पांडुरोंग’ आहे, आडनाव ‘पिसुर्लेंकार’ असे, मध्ये अनुनासिक घालून लिहिलेले. मराठी वाचक त्यांना पिसुर्लेकर म्हणून ओळखतो आणि ग्रंथालयांच्या सूचींत दोन्ही रूपे सापडतात. अभ्यासकाला ते दोन गृहस्थ आहेत असे कधी वाटत नाही, कारण त्याला संदर्भ ठाऊक असतो. परदेशातील अधिकाऱ्याकडून त्या संदर्भाची अपेक्षा करता येत नाही. तो पुरवण्याची जबाबदारी अर्जदाराची, आणि माझ्या मते त्याहून अधिक आपल्या सरकारची आहे.

ख्रिस्ती कुटुंबांची कथा थोडी निराळी आहे, पण सोपी नाही. पोर्तुगालने १९११ मध्ये आपल्या भाषेच्या शुद्धलेखनात मोठी सुधारणा केली. ‘पीएच’च्या जागी ‘एफ’ आला, ‘टीएच’मधला ‘एच’ गेला, जोडाक्षरे सुटी झाली, आणि अनेक नावांतल्या ‘झेड’ने ‘एस’ला जागा दिली. पोर्तुगालातील सौझा हे त्यानंतर ‘एस’ने लिहिले जाऊ लागले, गोव्यातील सौझांनी आपला ‘झेड’ सोडला नाही. म्हणजे आजोबांचा बाप्तिस्मा जुन्या लेखनाने, वडिलांचा नव्या लेखनाने, आणि तेही एकाच चर्चमध्ये! पुढे तेच कुटुंब नोकरीसाठी मुंबईला आले, गोवेकरांच्या कुडीत राहिले, आणि इंग्रज कंपनीच्या पगारपत्रकावर जुआंवचे ‘जॉन’ व जुझेचे ‘जोसेफ’ झाले. मुंबईत जन्मलेल्या मुलाच्या महापालिकेच्या दाखल्यावर बापाचे नाव ‘जॉन’ असते आणि बापाच्या गोव्यातील जन्मनोंदीत ‘जुआंव’. दोन्ही नावांचा अर्थ एकच हे सुशिक्षित माणसाला कळते. परंतु नोंदणीच्या कायद्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे आहेत. शिवाय पोर्तुगीज पद्धतीत आईचे आडनावही मुलाच्या नावात येऊ शकते आणि बहुधा ते बापाच्या आडनावाच्या आधी येते. इंग्रजी अर्जातील ‘मधले नाव’ आणि ‘आडनाव’ या रकान्यांत त्याची वाटणी करताना एकाच घरातील तीन भावांची तीन आडनावे झालेली आढळतात.

असाच समज अमेरिकेत गेलेल्या इटालियन, पोलिश, ज्यू कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर १८९२ ते १९५४ या काळात लाखो स्थलांतरितांची तपासणी झाली, आणि ‘आमचे आडनाव तिथल्या अधिकाऱ्याने बदलले’ असे त्यांचे वंशज सांगतात. वस्तुतः ते अधिकारी नवी नावे लिहीतच नसत. निघण्याच्या बंदरावर जहाज कंपनीने केलेली उतारूंची यादी घेऊन ते ताडून पाहत. नावे बदलली ती पुढे, शाळेत, कारखान्यात, आणि पुष्कळदा त्या लोकांनी स्वतःच, नव्या देशात खपून जावे म्हणून. पणजोबांच्या नावावरून इटलीचे नागरिकत्व मागणाऱ्यांना जुझेप्पेचा ‘जोसेफ’ केव्हा व कसा झाला हे दाखविताना हीच यातायात करावी लागत असे. इटलीने २०२५ मध्ये कायदा बदलून हा हक्क साधारणपणे आई-वडील व आजी-आजोबा यांच्यापुरता मर्यादित केला, तेव्हा त्यांतील कित्येकांची वर्षानुवर्षांची कागदपत्रे निरर्थक ठरली.

परत गोव्याकडे येऊ. सर्वांत बिकट प्रश्न स्त्रियांच्या नावांचा आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. आपल्याकडे लग्नात ताटातील तांदळांवर सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहितात. केवळ आडनावच नव्हे, पाळण्यातले नावही त्या ताटात पुसले जाते. माहेरची शांता सासरी रुक्मिणी होते. मतदारयादीत, शिधापत्रिकेवर, मुलांच्या शाळेत तीच रुक्मिणी नांदते, आणि त्या नावानेच मरते. गोव्याच्या नागरी विवाहनोंदीत मात्र ती माहेरच्याच नावाने उभी असते. आता तिच्या मुलाला किंवा नातवाला आजीच्या बाजूने हक्क सांगायचा झाला तर त्याला सिद्ध काय करायचे? तर शांता आणि रुक्मिणी या एकाच देहाची दोन नावे होती हे. तांदळावरच्या अक्षरांची नोंद कोणत्याही वहीत नसते. एका स्त्रीचे नाव इतक्या सहजपणे बदलणाऱ्या समाजाला त्याची किंमत तिसऱ्या पिढीत मोजावी लागते आहे, आणि तीही बहुधा तिच्याच लेकींना.

गावांच्या नावांचा घोळ त्या मानाने किरकोळ. डिचोली ही पोर्तुगीज दप्तरात ‘बिचोलीं’ आहे, पेडणे ‘पेर्नें’, साखळी ‘सांकेलीं’. यांची ठरलेली रूपे सर्वांना ठाऊक असल्याने त्यांवरून सहसा अडत नाही.

मग हे सोडवायचे कसे? अनेकजण पहिल्याच पायरीवर घसरतात. हातातले सर्वांत नवे कागद, म्हणजे आधारपत्र, पारपत्र, पॅन, हेच प्रमाण मानून जुनी नोंद त्यांच्याबरहुकूम ‘दुरुस्त’ करून मागण्याची धडपड ते करतात. ही दिशा उलटी आहे. जुनी नोंद ही घटना घडली त्या वेळची आहे. तिला पुराव्याच्या दृष्टीने वजन आहे. तीस वर्षांहून जुना आणि योग्य ताब्यातून आलेला दस्तऐवज अस्सल मानण्याचे गृहीतक आपल्या पुराव्याच्या कायद्यातही आहे. नव्या कागदासाठी जुना कागद खरवडणे म्हणजे घराच्या कौलांसाठी पायाचे चिरे काढणे होय. सर्वप्रथम मूळ वहीतील नोंदीची संपूर्ण नक्कल घ्यावी. टंकलिखित सारांशावर विसंबू नये, कारण पुष्कळ विसंगती मूळ वहीत नसतातच, त्या सारांश करणाऱ्याने हस्ताक्षर वाचताना शिरलेल्या असतात. त्या नोंदीत आई-वडिलांची नावे, गाव आणि बहुधा आजी-आजोबांचीही नावे असतात. आडनाव जुळले नाही तरी ही चौकट जुळते आणि माणूस ओळखू येतो.

त्यानंतर एका कागदावर प्रत्येक पिढीची नावे, तारखा, गावे आणि ती ज्या दाखल्यात आली तो दाखला, असे कोष्टक मांडावे. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते केल्यावाचून विसंगती कोणत्या जातीची हे कळत नाही. नुसत्या लेखनभेदाचा प्रश्न असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि त्याला आधार म्हणून बाप्तिस्म्याची नोंद, शाळेचा दाखला, जुने पारपत्र, जमिनीचे कागद एवढ्यावर पुष्कळदा भागते. प्रतिज्ञापत्र हे मात्र शेवटी अर्जदाराचेच म्हणणे असते. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहिले म्हणून ते सत्य ठरत नाही, ही गोष्ट आपल्याकडील वकिलांच्या ओट्यांवर कोणी सांगत नाही. नावाचा एखादा भाग गळला असेल, उदाहरणार्थ ‘सिनाय’ गळून नुसते गावावरून पडलेले आडनाव उरले असेल, तर हयात व्यक्तीच्या नव्या दाखल्यांत दुरुस्ती करून घेणे श्रेयस्कर. गोव्यात जन्म नोंदलेल्या व्यक्तीसाठी नाव व आडनाव बदलण्याचा १९९० चा स्वतंत्र कायदा आहे; अन्यत्र राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. जन्मनोंदीतील उघड चूक दुरुस्त करण्याचा अधिकार १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याने निबंधकाला दिलेला आहे, आणि तो वापरण्यास कचरणारे निबंधक नागरिकांना विनाकारण कोर्टाची पायरी चढायला लावतात. नावच सर्वस्वी वेगळे असेल, शांता आणि रुक्मिणीसारखे, तर मात्र न्यायालयाच्या निर्णयाखेरीज खात्रीचा मार्ग नाही. मग भाषांतर आणि परदेशी वापरासाठीचे प्रमाणीकरण येते. भारत २००५ पासून हेगच्या करारात सामील असल्याने हे प्रमाणीकरण ‘अपोस्टील’च्या एका शिक्क्याने होते. भाषांतरकाराला एक ताकीद अवश्य द्यावी. त्याने विशेषनामांचे भाषांतर करू नये. ‘जॉन’ लिहिलेले आहे तिथे ‘जॉन’च राहिला पाहिजे. त्याला सोयीचे म्हणून ‘जुआंव’ केले, तर मूळ कागद आणि भाषांतर यांच्यातच नवी विसंगती जन्माला येते.

भावंडांनीही एकमेकांना विचारल्याशिवाय अर्ज करू नयेत. थोरल्याने वडिलांचा जन्म लिस्बनमध्ये एका लेखनाने उतरवला असेल आणि धाकट्याने दुसऱ्या लेखनाने अर्ज केला, तर त्या वडिलांना दोन जन्म घेतल्यासारखे होते.

या क्लिष्टतेवर एक धंदा उभा राहिला आहे. पणजीपासून दमणपर्यंत ‘सर्व विसंगती दूर करून देऊ’ असे सांगणारे दलाल पावलोपावली भेटतात. त्यांतील काही खरोखर जाणकार असतात. काहींची विसंगती दूर करण्याची रीत म्हणजे जुळणारा नवा कागद तयार करणे. बनावट दाखल्यावर मिळवलेले नागरिकत्व पुढे केव्हाही रद्द होऊ शकते आणि त्या वेळी हातात इथलेही नागरिकत्व उरलेले नसते. कारण भारताच्या घटनेला व १९५५ च्या नागरिकत्व कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व त्या कायद्याच्या नवव्या कलमान्वये आपोआप संपते. नुसती जन्मनोंद लिस्बनमध्ये उतरवली म्हणजे नागरिकत्व घेतले की काय, यावर गोव्यात बराच वाद झाला आणि काही लोकप्रतिनिधींवरही तो शेकला. अर्जदाराने हे आधी समजून घ्यावे. पोर्तुगीज पारपत्राचे आकर्षण होते ते मुख्यत्वे त्याच्या बळावर इंग्लंडात जाता येत असे म्हणून. स्विंडन गावी गोवेकरांची मोठी वस्ती झाली ती याच वाटेने. ब्रिटन युरोपीय संघातून २०२० मध्ये बाहेर पडले आणि ती वाट अरुंद झाली. तरीही अर्ज येतच आहेत, कारण उरलेला युरोप आहेच.

यावर कोणी म्हणेल की, ज्यांना ज्या सत्तेविरुद्ध आपल्या लोकांनी लढा दिला तिचेच नागरिकत्व हवे आहे, त्यांच्या नावांची काळजी आपण का वाहावी? या भावनेची मी थट्टा करणार नाही. मुक्तिसंग्रामात तुरुंगवास भोगलेल्यांच्या घरांत हा प्रश्न विचारला जातो आणि तो विचारण्याचा त्यांना हक्क आहे. परंतु ज्या विसंगतीने एका नातवाचे लिस्बनला अडते, तिनेच दुसऱ्या नातवाचे, ज्याला गोवा सोडून कुठेही जायचे नाही, वडिलोपार्जित घराच्या वाटणीत अडते. गोव्यात वारसांची नोंद जुन्या पोर्तुगीज पद्धतीवर आधारलेली असल्याने तिथेही आजोबांचे तेच ‘एक्स’वाले नाव समोर येते. आणि नावाच्या विसंगतीची सर्वांत क्रूर शिक्षा ज्यांनी भोगली, त्यांनी परदेशाचे नागरिकत्व मागितलेलेच नव्हते.

आसामात राष्ट्रीय नागरिक नोंदवहीसाठी प्रत्येकाला २४ मार्च १९७१ पूर्वीच्या कागदावर आपला किंवा आपल्या पूर्वजाचा उल्लेख दाखवावा लागला, आणि मग त्या पूर्वजाशी आपले नाते. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या अंतिम यादीतून १९,०६,६५७ जण वगळले गेले. कोणी कशामुळे वगळले गेले याची कारणे अनेक असतील. पण एका मतदारयादीत नाव एका तऱ्हेने आणि दुसऱ्या यादीत दुसऱ्या तऱ्हेने, वय पाच वर्षांनी मागेपुढे, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीकडे बापाशी नाते सांगणारा कागदच नाही, अशा तक्रारी तेथील सुनावण्यांत पुन्हा पुन्हा आल्या. तिथे पुराव्याचा भार व्यक्तीवर असतो. आपण परकीय नाही हे तिने दाखवायचे. २०१२ मध्ये न्यायाधिकरणाने परकीय ठरविलेल्या एका गृहस्थाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नावांच्या लेखनातील आणि तारखांतील किरकोळ फरक आपल्या देशात नवलाचे नाहीत, तेवढ्यावरून इतका गंभीर निष्कर्ष काढता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने २०२४ च्या जुलैमध्ये दिला आणि त्याला भारतीय ठरविले. निर्णय लागला तेव्हा तो गृहस्थ हयात नव्हता.

हे तत्त्व जर परकीय ठरवण्याच्या खटल्यात लागू पडते, तर ते रोजच्या कचेरीत, वारसनोंदीत आणि निवृत्तिवेतनाच्या अर्जात का लागू पडू नये? नुसता लेखनभेद हा संशयाचा आधार होऊ शकत नाही. आई-वडील, गाव, जन्मकाळ आणि जोडीदार हे चार धागे जुळत असतील तर एखादे अक्षर वेगळे असले तरी माणूस तोच मानावा, आणि नाही असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लेखी द्यावे, हा नियम करायला संसदेची गरज नाही. एक परिपत्रक पुरेसे आहे.

या लेखाच्या वाचकांत शिक्षक आहेत, कारकून आहेत. नावे कागदावर प्रथम उतरवणारे हात त्यांचेच. जून महिन्यात शाळा सुरू होते, पालकांना जन्मतारीख सांगता येत नाही, आणि गुरुजी १ जून अशी तारीख टाकून मोकळे होतात. त्या एका सोयीपायी महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असणाऱ्यांची अख्खी पिढी तयार झाली. नावाच्या बाबतीतही तेच. रोमन लिपीतील नाव विद्यार्थ्याला दहावीच्या अर्जावर घाईघाईने लिहायला सांगतात, आणि ते त्याच्या वडिलांच्या दाखल्यावरील नावाशी पडताळून पाहायला कोणालाही वेळ नसतो. आता जन्मदाखल्याचे महत्त्व वाढले आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत तोच मुख्य आधार ठरणार आहे. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकांच्या नावात आईचेही नाव घालण्याचा निर्णय केला. तो सर्वथा स्वागतार्ह आहे. आजीच्या बाजूचा धागा यापुढे इतक्या सहज हरवणार नाही. मात्र एकाच घरात २०२२ मध्ये जन्मलेल्या ताईच्या नावात आई नाही आणि २०२५ मध्ये जन्मलेल्या भावाच्या नावात आहे, अशी स्थिती निर्माण झाली आहे. ही दोघे सख्खी भावंडे हे पन्नास वर्षांनी कोणा दूरच्या कचेरीत दाखवायची वेळ आली तर काय, याचा खुलासा करणारी एक ओळ त्या दाखल्यांवर आजच छापता येईल.

गोवा सरकारपुढचे काम अधिक निकडीचे आहे. जुन्या पोर्तुगीज लेखनाची आणि आजच्या रूपांची तुलनात्मक सूची तज्ज्ञांकडून तयार करवून ती अधिकृतपणे प्रसिद्ध करावी, आणि पोर्तुगालच्या पणजीतील वकिलातीशी बोलून ती लिस्बनमध्ये ग्राह्य धरली जाईल असे पाहावे. असे झाले तर ‘पोरोब’ म्हणजेच प्रभू हे प्रत्येक अर्जदाराने नव्याने शपथेवर सांगण्याची पाळी येणार नाही. मूळ वह्यांची पानन् पान छायाचित्रे घ्यावीत आणि सूची करताना जुने नाव अक्षरशः जसे आहे तसेच ठेवून शेजारी आजचे रूप द्यावे. संगणकात घालताना जुने नाव ‘सुधारण्याचा’ मोह होतो, तो आवरावा. गोव्यात दप्तरे जपण्याची परंपरा जुनी आहे, दियोगु दो कौतु या इतिहासकाराकडे तेथील दप्तरखाना १५९५ मध्ये सोपवला गेला होता. पण कोकणातला पावसाळा आणि वाळवी परंपरेला भीत नाहीत. जुने पोर्तुगीज हस्ताक्षर सराईतपणे वाचणारे कर्मचारी दरवर्षी निवृत्त होत आहेत. प्रत्येक तालुक्याच्या निबंधक कार्यालयात निदान दोन तरुणांना, ही मंडळी कामावर आहेत तोवर, त्यांच्या शेजारी बसवून ते वाचन शिकवले पाहिजे.